साळुबाईच्या शेळ्या आणि मुंबईची सेवा

एखाद्याला सेवा करायची हुक्की आली की कामाला दुसराच कोणीतरी लागतो. हुक्की आली माझ्या चुलत बहिणीला, फ्लोराला, आणि कामाला लागलो मी.

फ्लोरा मुंबईतल्या एका ज्यू शाळेची मुख्याध्यापिका. मी, बेन्यामीन वाक्रुळकर, मंचरच्या एका बँकेत अधिकारी. कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांच्या सह्या पडताळता पडताळता माझ्या चष्म्याचा नंबर वाढला आणि माणुसकीवरचा विश्वास कमी झाला. अख्ख्या आंबेगाव तालुक्यात ज्यू म्हणावं असं घर एकच, ते आमचं. मी कोकणातला कोणीतरी सीकेपी असणार असं मंचरात बहुतेकांना वाटतं, आणि मी त्यांना वाटू देतो. एक-दोनदा समजावून सांगायला बसलो होतो. कोकणातले बेने इस्रायल, तेलाचे घाणे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे, असं सगळं सविस्तर सांगून झाल्यावर समोरच्यानं विचारलं, "म्हंजी ख्रिश्चनच ना?" त्यानंतर मी लोकशिक्षणाचं काम सोडून दिलं.

तर फ्लोराचा फोन आला. आमच्या घरांमधून धर्मादायाचा एक डबा असतो. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावायच्या आधी त्यात चार नाणी टाकायची. फ्लोराचं म्हणणं असं, की तिच्या शाळेतल्या पोरांना दानधर्म म्हणजे आईनं दिलेली चिल्लर डब्यात टाकणं एवढंच ठाऊक आहे. डबा भरतो, कोणीतरी घेऊन जातो, पुढे त्याचं काय होतं ते कोणाला माहीत नाही. तेव्हा या वर्षी नववीच्या पोरांनी डब्यातले पैसे घेऊन स्वतः खेड्यात जायचं आणि स्वतःच्या हातांनी कोणाच्या तरी उपयोगी पडायचं, असा ठराव शाळेच्या विश्वस्तांनी केला होता. विश्वस्तांचं बरं असतं. ते ठराव करतात आणि चहा पितात.

"तू खेड्यातच राहतोस," फ्लोरा म्हणाली. "एक गरजू माणूस शोध. खराखुरा हवा."

मंचरला खेडं म्हणणारी बाई भर दुपारी इथला हायवे ओलांडायला उभी राहिली तर संध्याकाळपर्यंत अलीकडेच राहील. पण थोरल्या बहिणीशी वाद घालायचा नाही, अशी आमच्या घरची शिस्त आहे.

मी चूक केली ती समोरच्या गोरखभाऊंना सांगण्याची. गोरखभाऊ कांद्याचे आडते. त्यांच्या पोटात कांदा राहतो, बातमी राहत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा फेस तोंडाला असताना माझ्याकडे गरजू लोकांची रीघ लागली. पहिला आला तो ट्रॅक्टर घेऊनच आला आणि मी गरिबी नीट बघावी म्हणून त्यानं इंजिन चालूच ठेवलं. दुसऱ्याला विहिरीतला गाळ काढून हवा होता. तिसऱ्याच्या पुतणीचं लग्न होतं, पोरं वाढप्याचं काम करतील का, असं त्यानं विचारलं. गोरखभाऊंनी स्वतःच्या सासुरवाडीच्या देवळाचा सभामंडप सुचवला आणि फरशी संगमरवरीच हवी हेही सांगून ठेवलं. माझी बायको रिव्का हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. सगळे गेल्यावर ती म्हणाली, की मोरीमागच्या भिंतीला दोन वर्षं ओल आहे, पोरं येतच आहेत तर तेवढं करून जातील का. दानधर्माच्या बाबतीत माणसाला स्वतःचं घर फार जवळचं वाटतं.

खरी गरजू बाई माझ्याकडे आलीच नाही. ती बँकेत पेन्शन काढायला आली होती आणि शिपायाला सांगत होती, की बिबट्यानं आणखी एक शेळी नेली. साळुबाई तिचं नाव. पारगावच्या बाजूला उसाच्या पट्ट्यात चिंचेची वाडी म्हणून वस्ती आहे, तिथं एकटी राहायची. त्या वर्षी ऊसतोड सुरू झाली तसे फडांतले बिबटे बाहेर पडले होते आणि आमच्या आणि शेजारच्या तालुक्यात लोक दिवेलागणीलाच दारं लावून घेत होते. मी तिला टेबलाशी बोलावलं. शेळ्या कुठं बांधतेस, असं विचारलं.

"बांधायला जागा हाये कुठं? शेळ्या घरात निजत्यात, मी दारात निजते," ती म्हणाली. "त्यो आला तर आधी मी लागते त्याला."

हे तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. नवऱ्यानं गोठ्यासाठी दगड आणून ठेवले होते. तो वारला. दगड तसेच पडून राहिले, कारण ज्या पट्टीवर गोठा व्हायचा ती पट्टी आपली असल्याचं तिच्या दिराचं म्हणणं होतं. दीर सावळेराम हा वाडीचा माजी सरपंच, त्यामुळे बाकीच्या गावाचंही तेच म्हणणं होतं. शेळी गेल्याची भरपाई मागायला ती एका कचेरीत गेली, तर तिथल्या माणसानं पुरावा म्हणून शेळी आणायला सांगितली.

मी तिला म्हणालो, की मुंबईहून शाळेची पोरं येतील आणि गोठा बांधून देतील. तिनं विचारलं, "का?" पंचवीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रश्न फक्त कर्ज मागणाऱ्याला विचारायची सवय असते. पोरांना शिकायचं आहे, असं काहीतरी मी बोललो. ती म्हणाली, शिकायचं असंल तर येऊ द्या, भाकरी मात्र माझ्या हातची खायची. फुकट कुणाचं काही नको होतं तिला.

पोरांचा मुक्काम वाडीच्या शाळेत, म्हणून परवानगी हवी. कोणत्या कार्यालयाची ते सांगत नाही, कारण मला तिथं अजून कामं पडतात. तिथल्या बाबूनं धर्म विचारला. ज्यू म्हणालो. त्यानं छापील यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली आणि ही कशातली पोटजात म्हणून चौकशी केली. शेवटी 'इतर' लिहून त्याखाली रेघ ओढली, जणू माझ्यावर लक्ष ठेवायला हवं. मग साहेब रजेवर निघाले. शिक्का साहेबांच्या खणात आणि खणाची किल्ली साहेबांबरोबर लोणावळ्याला. आयुष्यभर लोकांना 'उद्या या' सांगितलेल्या माणसाला 'उद्या या' ऐकायची सवय नसते. मला फार लागलं ते. मी इतक्या खेपा घातल्या, की तिथल्या चहावाल्यानं माझी उधारी सुरू केली, आणि एक दिवस परवानगी आपोआप माझ्या घरी चालत आली, म्हणजे मोटरसायकलवर बसून. आणणारा म्हणाला, सावळेरामनानांनी फोन केला होता.

मुंबईची पोरं येणार म्हणजे पेपरात येणार, हे सावळेरामांना माझ्या आधी कळलं होतं. मात्र पोरं नेमकं काय करणार ते त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांना वाटलं, झाडंबिडं लावतील, रस्ता झाडतील. श्रमदान हा शब्द असा आहे, की तो ऐकून काम कोणतं हे विचारायचं कोणाला सुचत नाही. गोठ्याचं कळलं तेव्हा बॅनर छापून झाला होता आणि त्यावर त्यांचा हात जोडलेला फोटो होता. छापलेला फोटो मागे घेणारा पुढारी अजून जन्माला यायचा आहे.

गुरुवारी पोरं आली. वाडीच्या वेशीवर हलगी वाजत होती. प्रत्येकाला टॉवेल, टोपी, नारळ. आमच्यात मुलांच्या डोक्यावर आधीच एक छोटी गोल टोपी असते. सावळेरामांनी तिच्यावर गांधी टोपी चढवली, वरून नारळ दिला आणि बॅनरखाली उभं केलं. भायखळ्याची ती पोरं भेदरून एकमेकांकडे बघत होती. मग भाषणात सावळेराम म्हणाले, की आज आपल्या वाडीत साक्षात इस्रायलचे पाव्हणे आलेत.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागातला शेतकरी इस्रायल हा शब्द देवाच्या नावाइतक्या आदरानं उच्चारतो, कारण ठिबक सिंचन तिथून आलं असं त्यानं शेतीच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकलेलं असतं. पोरं ज्यू आहेत हे गोरखभाऊंनी सावळेरामांना सांगितलं होतं आणि पुढचं त्यांनी स्वतःच जुळवून घेतलं. भाषण संपायच्या आत लोक पिकं घेऊन आले. कोणी द्राक्षाचं डाग पडलेलं पान आणलं, कोणी डाळिंब, एकानं तर ठिबकची तुंबलेली नळीच आणली. ज्या पोरांनी द्राक्षं आजवर फक्त फळवाल्याच्या टोपलीत पाहिली होती त्यांना लोक करप्यावरचं औषध विचारू लागले. आम्ही भायखळ्याचे, आम्हाला यातलं काही कळत नाही, असं फ्लोरा सर्वांना सांगत होती. लोकांना तो विनय वाटला. शेवटी एका पोरीनं कंटाळून सांगितलं, पाणी कमी द्या. तो शेतकरी समाधानानं निघून गेला आणि पुढे त्याचा बाग सुधारला, असं ऐकतो.

शुक्रवारी सकाळी काम सुरू झालं, म्हणजे सुरू करायचा प्रयत्न झाला. फ्लोरानं साळुबाईच्या घराशेजारी चुन्याची फक्की टाकून गोठ्याची आखणी केली. पोरांनी बाह्या सरसावल्या. एका मुलानं पहिला दगड उचलला आणि दोन माणसं धावत आली. "पावण्यानं दगूड उचलायचा? लोक काय म्हणतील आमाला?" असं म्हणून त्यांनी तो दगड त्याच्या हातून काढून घेतला. काढून घेतला आणि होता तिथंच ठेवला. स्वतःही काम करायचं नाही आणि पाव्हण्यालाही करू द्यायचं नाही, याला आमच्याकडे आदरातिथ्य म्हणतात. ज्या दगडांना साळुबाईचा नवरा मेल्यापासून गावातल्या कोणी हात लावला नव्हता त्या दगडांवरून दिवसभर ओढाओढ चालली होती. मधूनमधून कोणीतरी पोरांना चहाला घेऊन जायचं. एका घरी घेतला तर शेजारचं घर रुसायचं. दुपारपर्यंत पोरांच्या पोटात चहा डुचमळायला लागला. जेवायला मासवड्या होत्या. त्यात मासा नाही, मटण नाही, बेसन आहे, हे फ्लोराला पटवण्यात माझी दुपार गेली. साळुबाईच्या भाकरी राहिल्या टोपल्यातच. तिनं त्या झाकून ठेवल्या आणि ऊन उतरल्यावर शेळ्यांना नेहमीसारखं घरात घेतलं.

सूर्य मावळायच्या आधी फ्लोरानं दिवे लावले आणि काम बंद केलं. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमच्यात शाब्बाथ. त्या वेळात कसलंही काम करायचं नाही, ओझं उचलायचं नाही, माती कालवायची नाही. फ्लोरानं हे पोरांना पुन्हा बजावलं तेव्हा मला उद्याची आठवण झाली. जिल्हा परिषदेचे एक सन्माननीय सदस्य फोटोग्राफर आणि वार्ताहर घेऊन श्रमदान पाहायला येणार होते. त्यांना शनिवारच मोकळा होता. सावळेरामांनी मला विचारलं तेव्हा मी शनिवारला मान डोलावली होती, कारण शनिवारी माझी बँक अर्धा दिवस असते. तालुक्यातला एकमेव ज्यू, आणि शाब्बाथ ठरवला बँकेच्या वेळापत्रकावरून. फ्लोरानं माझ्याकडे जे बघितलं ते बघून मी चांदण्या बघायला बाहेर गेलो.

शनिवारी ते सदस्यसाहेब आले. पांढऱ्या गाडीतून उतरले तेव्हा चिंचेखाली इस्त्रीच्या कपड्यांतली पोरं ओळीनं बसून प्रार्थना म्हणत होती आणि दगडाला हात लावायला कोणी तयार नव्हतं. मी पुढे होऊन सांगितलं, आज शनिवार, आज यांना काम चालत नाही. "शनवार तर मीबी धरतो," साहेब म्हणाले. "मारुतीचा उपास असतो. म्हणून काय काम बंद ठेवतो व्हय?" मी समजावायला लागलो, पण तेलाच्या घाण्यापर्यंत पोचायच्या आत त्यांनी तोंड फिरवलं. सावळेरामांचा चेहरा उतरला. फोटोग्राफरनं घड्याळ बघितलं, त्याला पुढे मंचरला एक साखरपुडा होता. वार्ताहर म्हणाला, श्रम करताना कोणी दिसलं नाही तर श्रमदान म्हणून छापता येत नाही.

साहेब अनुभवी होते. त्यांनी स्वतःच एक दगड उचलला, बेताचाच, आणि फक्कीपाशी जाऊन उभे राहिले. फोटोत दगड दुसऱ्या कोणाला तरी द्यायला हवा. शेजारी होते सावळेराम. "घ्या सावळेराम, ठेवा," साहेब म्हणाले. सावळेरामांनी दगड घेतला. साळुबाईचा गोठा होऊ नये म्हणून ज्या पट्टीवर त्यांनी इतकी वर्षं चिटपाखरू फिरकू दिलं नव्हतं, त्याच पट्टीवर त्यांनी तो वाकून ठेवला आणि वाकल्यावाकल्या कॅमेऱ्याकडे बघून हसले. फोटो निघाला. मग वार्ताहरानं, त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं, विचारलं की जागा कोणाची.

सगळी वाडी सावळेरामांकडे बघायला लागली. साळुबाई दारात उभी होती, तिनं पदर घट्ट धरला. सावळेरामांनी साहेबांकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि घसा साफ केला.

"आमचीच व्हती. वैनीला दिली."

वार्ताहरानं ते लिहून घेतलं. जी जागा मुळात तिचीच होती ती सावळेरामांनी अशी मोठ्या मनानं दान केली. साळुबाई पुढे झाली, पुढचा दगड उचलला आणि दिरांच्या हातात दिला.

साहेबांचं जेवण तयार व्हायला वेळ होता. ते चिंचेखाली खुर्ची टाकून बसले, आणि साहेब बघत बसलेत म्हटल्यावर काम थांबवायचं कोणी? नीळ घातलेल्या पांढऱ्या कपड्यांतले लोक दगड वाहायला लागले. कालपर्यंत पाव्हण्यांच्या हातून दगड हिसकावणारे आज एकमेकांच्या हातून हिसकावत होते, कारण फोटोग्राफर अजून गेला नव्हता. पुरणपोळ्या होईपर्यंत भिंत कंबरेला लागली. साहेब जेवून वामकुक्षी घेईपर्यंत छातीला लागली. दाराच्या जागी उभं राहून साहेबांचा शेवटचा फोटो काढायचा होता, म्हणून दाराची जागा साहेबांच्या मापानं सोडली. साहेबांचं माप मोठं होतं.

पोरं दिवसभर नुसती बसून बघत होती. संध्याकाळी फ्लोरा रडकुंडीला आली. सेवा शिकवायला आणलेली मुलं काय शिकली, असं तिनं विचारलं. आपण स्वस्थ बसलं की बाकीचे आपोआप राबतात, हे शिकली, असं उत्तरही तिनंच दिलं. मी म्हणालो, हे समजायला लोकांची नोकरी संपते, पोरं नववीतच शिकली. त्यावर ती माझ्याशी बोलेनाशी झाली.

पण रविवारी मजा झाली. आदल्या दिवशी राबलेलं गाव अंग धरून झोपलं होतं. कोणाची कंबर, कोणाचा खांदा, सावळेरामांना तर मान वळवता येईना. पोरांच्या हातून दगड काढून घ्यायला कोणी उठलंच नाही. तीन दिवसांत पहिल्यांदा पोरांना कोणी पाव्हणं मानलं नाही आणि पोरं कामाला भिडली. त्यांनी माती कालवली, त्यात भुस्सा आणि शेण घातलं. आधी चिमटीनं, मग कोपरापर्यंत. भिंतीच्या फटी लिंपल्या. डब्यातल्या पैशांतून आणलेले पत्रे वर चढवले. हातांना फोड आले ते एकमेकांना दाखवून झाले. दुपारी साळुबाईनं भाकरी आणि ठेचा दिला, तो खाऊन पोरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती आणखी मागत होती. साळुबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात हनीफभाई टेम्पोतून दार घेऊन आले. मंचरला त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. डुक्कर खात नाही हे कळल्यापासून माझ्यावर त्यांचा विशेष जीव, म्हणून दार त्यांनी जाड अँगलचं, मजबूत केलं होतं. ते उभं केलं आणि शेजारून एक शेळी आरामात आत गेली. मी दिलेलं माप होतं शेळीचं. दाराची जागा होती साहेबांची.

"साब, माप तुमचंच हाय," हनीफभाई म्हणाले. "माझ्यावर नाय टाकायचं."

आमची तिथंच जुंपली. साळुबाईला भांडण ऐकायचं नव्हतं. ती त्या उघड्या जागेकडे बघत राहिली. बिनदाराचा गोठा म्हणजे बिबट्यापुढं वाढून ठेवलेलं ताट. पोरांची बस संध्याकाळी सुटणार होती. भिंत झाली, छप्पर झालं, आणि रात्री शेळ्या पुन्हा घरात आणि ती पुन्हा दारात, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. एक मुलगी जाऊन साळुबाईच्या शेजारी उभी राहिली.

अशा वेळी सावळेराम मान आखडलेल्या अवस्थेत आले, मागून चार माणसं एक भला मोठा फलक घेऊन. लोखंडी चौकट, जाड पत्रा, रातोरात रंगवून आणलेला. वर साहेबांचं नाव. त्याखाली त्याहून मोठ्या अक्षरांत 'जागादाते' म्हणून सावळेरामांचं. त्याखाली बारीक अक्षरांत मुंबईची शाळा आणि तळाशी 'लाभार्थी' म्हणून साळुबाई. मी माझं नाव शोधलं. उजव्या कोपऱ्यात एक नाव दिसलं, ते पेंटरचं निघालं.

फ्लोरानं फलक वाचला आणि तिच्यातली मास्तरीण जागी झाली. ती सावळेरामांना म्हणाली, आमच्या धर्मात देणाऱ्याचं नाव झाकून ठेवतात, म्हणजे घेणाऱ्याला त्याच्यापुढे मान खाली घालावी लागत नाही.

"मंग दिलं कुणी हे कळायचं कसं?" सावळेरामांनी विचारलं.

"कळू नये म्हणूनच झाकायचं."

सावळेरामांनी माझ्याकडे पाहिलं. बाईंच्या डोक्याला ऊन लागलं का, असा तो प्रश्न होता. मी नजर टाळली.

साळुबाईला वाचता येत नव्हतं. ती फलकाकडे बघत होती ती वेगळ्याच हिशेबानं. पुढे होऊन तिनं पत्र्यावर बोटांनी टिचकी मारली, वितीनं रुंदी मोजली आणि जाऊन दाराची जागा मोजून आली.

"हनीफभाई, ह्यो बसंल का दाराला?"

सावळेराम एकदम पुढे सरसावले. फलक दर्शनी भिंतीवर लावायचा होता. साळुबाईनं पदर सावरला आणि फार अदबीनं म्हणाली, "भावजी, भिंतीवर लावला तर पावसापाण्यात रंग जाईल तुमच्या नावाचा. दाराला लावू. नावाची बाजू आत घेऊ. पिढ्यान्‌ पिढ्या टिकंल."

नाव टिकू नये असं कोणता पुढारी म्हणेल? हनीफभाईंनी छोट्या दाराच्या बिजागऱ्या काढून फलकाला जोडल्या आणि बाहेरून मनगटाएवढी कडी लावली. पोरांनी चारी शेळ्या आत घातल्या. दार लागलं. साळुबाईनं स्वतः कडी घातली, दोनदा ओढून पाहिली, आणि मग तिला जे रडू आलं ते पोरं मुंबईच्या बसमध्ये बसेपर्यंत थांबलं नाही. पोरींनाही आलं. फ्लोरा माझ्याशी बोलायला लागली, म्हणजे माझं माप कसं चुकलं ते सविस्तर सांगायला लागली.

पुढच्या आठवड्यात साळुबाई पेन्शनला आली. बिबट्या येऊन गेला होता. दारावर पंजे मारले, खालून उकरायला पाहिलं, भिंतीभोवती फिरला आणि निघून गेला. शेळ्या चारीच्या चारी शाबूत, आणि ती स्वतः आपल्या घरात कडी लावून झोपलेली. सगळं गाव पंजाचे ओरखडे बघायला आलं. सावळेरामही आले. पत्र्याला एका जागी चांगलाच पोचा पडला होता आणि त्यांना काळजी लागली होती ती नावाची.

"वैनी, नाव गेलं का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आतल्या अंगाला हाये, मला काय वाचता येतंय, तुमीच बघा. शेळ्या चरायला सोडल्या होत्या, गोठा रिकामा होता. दार रुंद, पण छप्पर ठेंगणं. सावळेराम मान सांभाळत वाकून आत शिरले आणि नीट बघायला त्यांनी दार आतून ओढून घेतलं. साळुबाईनं बाहेरून कडी घातली. सवय लागली होती, असं तिनं मला सांगितलं. सवयीनंच ती शेळ्यांमागे माळावर गेली.

आतून सावळेरामांनी दार ढकललं, लाथा घातल्या, खांदा लावला. हाक मात्र मारली नाही. माजी सरपंच शेळ्यांच्या गोठ्यात कोंडला गेला, हे गावाला ओरडून कोण सांगेल? जे दार बिबट्याला बाहेरून उघडलं नाही ते त्यांना आतून उघडेना. ते लेंड्यांवर टॉवेल पसरून बसून राहिले. ऊन उतरल्यावर साळुबाई शेळ्या घेऊन परतली, कडी काढली आणि पदर डोक्यावर घेऊन बाजूला उभी राहिली.

"भावजी," तिनं विचारलं, "झालं का वाचून?"